कोरी सोडायची जागा

माझ्या वडिलांनी पृथ्वीचा इतिहास भैरवगढच्या एका छिप्याकडून कापडावर छापून घेतला होता. हे मी सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारी तिखटमीठ लावून सांगते आहे. मी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तिखटमीठ लावायची मला सवय नाही. दुसऱ्यानं लावलेलं पुसून काढायची आहे. कापड खरंच होतं. दहा हात लांब, दीड हात रुंद, हिरड्याच्या पाण्यातून काढून पिवळट केलेलं आणि त्यावर लाल-काळे ठसे.

गोष्ट छप्पन्न सालच्या हिवाळ्याची. नोव्हेंबरात मध्य भारत संपला आणि मध्य प्रदेश झाला. आम्ही होतो तिथेच होतो; पत्र लिहिताना पत्त्याचा शेवटचा शब्द बदलायचा एवढाच फरक. वडिलांचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. ते शाळेत विज्ञान शिकवत, आणि त्या शाळेचे वरचे वर्ग तोवर मराठीतून चालत. आता ठरलं की विज्ञान हिंदीतूनच शिकवायचं, आणि मराठीतून शिकवणाऱ्या मास्तरांनी निरीक्षकांसमोर हिंदीतून एक पाठ घेऊन दाखवायचा. पाठ पसंत पडला तर होतो तिथेच, उज्जैनात. नाही पडला तर झाबुआकडच्या एका तहसिलीच्या गावी बदली, कारण तिथे विज्ञानाला मास्तर मिळत नव्हता.

त्या पाठावर वडिलांपेक्षा माझं जास्त अवलंबून होतं. मी मॅट्रिकला होते. मुलींच्या शाळेत विज्ञान नव्हतं, म्हणून आम्ही चौघीजणी मुलांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचो, आणि मला पुढे कॉलेजात जायचं होतं. बदलीच्या गावी मुलींना आठवीच्या पुढे शाळाच नव्हती, कॉलेज तर दूरच. वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या आत्यानं, इंदूरचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. बदली झाली की मला आत्याकडे ठेवायचं आणि वैशाखात उजवून टाकायचं, असं तिचं गणित तयार होतं. मुलगा पोस्टात होता आणि त्याला बायको स्वयंपाकात हुशार हवी होती. मला तेव्हा साधी पोळी गोल येत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, उज्जैनच्या माणसाला हिंदीची कसली भीती? आमचे खापरपणजोबा दरबारात कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. बाजारातली हिंदी वडिलांना मराठीइतकीच सरावाची होती. टांगेवाल्याशी भांडायला ती पुरत असे. पण वर्गातली हिंदी निराळी. मराठीतली तीन लिंगं हिंदीच्या दोन खणांत बसवताना वडिलांची तारांबळ उडे. पृथ्वी 'घूमता' आणि सूर्य 'निकलती'. रोज संध्याकाळी ते आईला आणि मला समोर बसवून पाठाची तालीम करत. आई गहू निवडता निवडता ऐकायची.

"जीवों ने बचने की बहुत चेष्टा की," एकदा वडील म्हणाले.

आईनं सूप खाली ठेवलं. "मरायची वेळ आली आणि मेल्यांना चेष्टा सुचते?"

"हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

"मग प्रयत्नच म्हणा ना. कशाला परेशान होऊन राहिले इतके? आणि विषय तरी धड घ्यायचा. पाण्याचा घ्या, पावसाचा घ्या. मेलेल्या किड्यांचं त्या साहेबाला काय कौतुक?"

वडिलांनी विषय घेतला होता लुप्त जीवांचा. पृथ्वीवर एकेक प्राणी तर नेहमीच संपत असतो, पण मधूनच अशी वेळ आली आहे की बहुतेक सगळेच एकदम गेले, हे त्यांनी एका जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना त्याचं वेडच लागलं होतं. डोक्यात एक गोष्ट शिरली की ती निघायची नाही, हा आमच्या घराण्याचा गुण. तो माझ्यातही आहे आणि माझ्या सुनेचं त्याबद्दल स्वतंत्र मत आहे.

फळ्यावर काढून एवढा लांब काळ मुलांना दिसत नाही, म्हणून कापड. वडील आणि मी सायकलवरून उज्जैनबाहेरच्या भैरवगढला गेलो. छिपा उतारवयाचा होता आणि त्याची नखं कायमची काळी पडली होती. त्याच्याकडे लाकडी छापे होते ते साड्यांचे आणि रजयांचे: मासा, मोर, हत्ती, कैरी, वेल, बुट्टी. वडिलांनी पुस्तकावरून काढलेली चित्रं त्याच्यापुढे मांडली. समुद्रातला तो जुना, अंगावर आडव्या घड्या असलेला किडा पाहून छिप्यानं कैरी उचलली आणि तिच्यावर फणीनं रेघा ओढल्या. गोल वेटोळ्याच्या शंखाला त्यानं जिलेबी म्हटलं आणि वेलीच्या टोकाचा छापा काढला. राक्षसी सरड्यापाशी मात्र तो अडला. मग त्यानं हत्तीचा छापा मारला, सोंडेच्या जागी आधीच वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला, आणि तुकडा काढून तिथे मोराची मान उठवली.

"मास्टर साब, ऐसा जनावर था?"

"था."

"किसने देखा?"

"किसी ने नहीं."

"फिर तो चल जाएगा," छिपा म्हणाला.

हसू नका. पुढे शास्त्रज्ञांनीच ठरवलं की पक्षी हे त्याच सरड्यांच्या कुळातले. छिप्याची मान अगदीच चुकीच्या धडाला लागली नव्हती.

निघताना वडिलांनी कापडावर दोन ठिकाणी खडूनं रेघा मारल्या. "यहाँ एक हाथ, और यहाँ एक हाथ, कुछ नहीं छापना. कोरा." छिप्यानं एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि मान हलवली. त्या रेघा मारताना कापडाचं दुसरं टोक मी धरलं होतं. कोऱ्या जागा कुठे आणि कशासाठी हे मला पक्कं माहीत होतं. हे मुद्दाम सांगून ठेवते.

त्या थंडीत कापड काही लवकर वाळेना. पाठाच्या दिवशी सकाळी छिपा स्वतःच सायकलवरून गुंडाळी घेऊन शाळेत आला, तेव्हा निरीक्षक वर्गात येऊन बसले होते. वडिलांना उलगडून बघायलाही वेळ मिळाला नाही. छिपा व्हरांड्यात, खिडकीपाशी उभा राहिला. आपलं काम भिंतीवर लागलेलं त्याला बघायचं होतं.

निरीक्षक माणूस आनंदी होता. नवं राज्य, नवी खुर्ची. वडिलांनी सुरुवात झोकात केली. दोन मुलांनी कापड भिंतीशी धरलं आणि वडील डावीकडून एकेक हात उलगडत गेले. समुद्रातले किडे, मग मासे, मग नेच्यांची रानं. पृथ्वीसुद्धा बरोबर 'घूमती' झाली. मी बाकाखाली बोटं मोजत होते. पंधरा वाक्यांत एकच चूक. मग ते म्हणाले, "और फिर सब ख़त्म," आणि पुढचा हात उलगडला.

तिथे फुलं होती. लाल बुट्ट्या, पाच पाकळ्यांच्या, मध्ये काळा ठिपका, एकाला एक लागून. नखाएवढीही जागा रिकामी नव्हती.

वडील थांबले. निरीक्षक मात्र पुढे झुकले.

"वाह! बड़ा सुंदर काम है." मग त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक नव्हतं. "बेटी, तुम बताओ. सब जीव मर गए, फिर ये फूल क्यों?"

मी उभी राहिले. इतक्या वेळात माणूस किती विचार करू शकतो याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आत्या दिसली, पोस्टातला मुलगा दिसला, वाकडी पोळी दिसली. आणि साहेबांना काय ऐकायचं आहे तेही स्पष्ट दिसलं.

"सर," मी म्हणाले, "पुराने जीव गए तो नयों को जगह मिली. ये फूल नए जीवन के हैं."

"शाबाश! एकदम हमारे नए प्रदेश जैसा," निरीक्षक म्हणाले आणि स्वतःच टाळी वाजवली. वर्गानंही वाजवली. पाठ जिंकल्यात जमा होता. वडिलांनी फक्त गप्प राहायचं होतं.

"ग़लत," वडील म्हणाले. "बैठ जाओ."

मी बसले.

"मास्टर साहब, बच्ची ठीक ही तो कह रही है," निरीक्षक म्हणाले.

"नहीं साहब. सुंदर कह रही है, ठीक नहीं. ये छपाई की भूल है. यहाँ कोरा होना था. बहुत, बहुत देर तक यहाँ कुछ नहीं था."

मग त्यांनी पहिल्या दोन रांगांतल्या मुलांना उठवलं आणि कापडावर तळहात ठेवून फुलं झाकायला सांगितली. दहा-बारा हात भिंतीवर, आणि त्यांच्यापुढे उभे राहून वडील बोलत होते. समुद्र होता पण त्यात हलणारं फारसं काही नव्हतं. जंगलं गेली ती परत यायला माणसाच्या कल्पनेत न मावणारा काळ गेला. लिंगं सगळी चुकली. 'समुद्र सूनी थी', 'हवा ज़हरीला था'. एका मुलानं विचारलं की हे झालं कशानं. समुद्र मागे हटला असेल, ज्वालामुखी फुटले असतील, थंडी वाढली असेल, असं सांगून वडील म्हणाले, "पक्का किसी को मालूम नहीं." निरीक्षकांना हेही आवडलं नाही. मास्तरानं 'मालूम नहीं' म्हणायचं म्हणजे काय! मी पुढे पुष्कळ प्राध्यापक पाहिले, पण इतका चांगला पाठ पाहिला नाही. त्या दिवशी मात्र मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी रागानं आंधळी झाले होते. सख्ख्या बापानं भर वर्गात मला खोटं पाडलं, आणि माझं कॉलेजही घालवलं, हे एवढंच डोक्यात घुमत होतं.

वडील बरोबर होते, हे मला पुढे शिकताना आणि शिकवताना कळत गेलं. असे मोठे घात पृथ्वीवर पाच तरी झाले असं आता मानतात. त्या पहिल्या कोऱ्या हाताच्या जागचा घात सगळ्यांत भयंकर. आज सैबेरिया आहे तिथे जमीन फाटून लाव्हा वाहत राहिला. हवेत विषारी वायू भरले, समुद्र तापला, पाण्यातला प्राणवायू सरला. समुद्रातल्या दहा जातींपैकी जेमतेम एखादी उरली. फुलं उमलायचं नावच नको. फुलझाडं त्यानंतर फार उशिरा आली. कित्येक लाख वर्षांच्या थरांत कुठे कोळसासुद्धा सापडत नाही, कारण कोळसा व्हायला झाडं लागतात. डुकराएवढा, सुळेवाला एक ओबडधोबड प्राणी तेवढा तगला आणि बराच काळ जिकडेतिकडे तोच तो. त्याची हाडं आपल्याकडेही मिळाली आहेत.

दुसरा कोरा हात सरड्यांच्या शेवटाचा. तिथे आकाशातून एक प्रचंड दगड पडला, असा शोध वडिलांच्या पाठानंतर चोवीस-पंचवीस वर्षांनी लागला. त्याच सुमाराला आपल्या इथे लाव्हाचे थरावर थर साचत होते, ज्यांवर अख्खा माळवा उभा आहे. आमच्या घराची जोती, क्षिप्रेचे घाट, आईचा पाटा, सगळा तोच काळा दगड. आकाशातल्या दगडाचा दोष किती आणि लाव्हाचा किती, यावर विद्वान अजून भांडतात. मला या भांडणाचा कंटाळा येतो. घरात चोरी झाली तर एकच चोर असला पाहिजे असं कोणी सांगितलं? आणि नंतर जागा मोकळी झाली म्हणून सस्तन प्राणी वाढले, शेवटी आपण आलो, हेही खरं. म्हणजे माझं उत्तर पुरतं चूक नव्हतं. पण मधला काळ गाळून तेवढंच सांगितलं, तर मेलेल्यांनी आपल्यासाठी खुर्ची रिकामी करून दिली असं मुलांना वाटतं. त्यांनी काही दिली नव्हती.

पाठ संपल्यावर मी तडक व्हरांड्यात गेले आणि छिप्याला वाट्टेल ते बोलले. कोरं सोड म्हणून दोनदा सांगितलं होतं, अक्कल गहाण ठेवली होती का, वगैरे. मराठीतच बोलले, पण उज्जैनात मराठीतली शिवी सगळ्यांना समजते. छिपा शांत होता.

"बेटी, कोरा कपड़ा तो कफ़न का होता है. मास्टर साब बच्चों को कफ़न दिखाते? मैंने सोचा, कहने में भूल हुई होगी."

वडील मागून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. छिप्याला म्हणाले, "काम अच्छा है. रंग पक्का है." मग स्वतः त्याला फाटकापर्यंत सोडून आले.

अहवाल काय झाला ते मुख्याध्यापकांनी सांगितलं. हिंदी कामचलाऊ, पाठाचं साहित्य सदोष, आणि हे शिक्षकानं स्वतः कबूल केलं. बदलीचा हुकूम उन्हाळ्यात आला. कागदावर वर 'शिक्षा विभाग' छापलं होतं. आई म्हणाली, "चला, निदान नाव तरी खरं लिहितात." मग हुकूम डब्याखाली ठेवून ती पोळ्या लाटायला बसली.

आत्या आली ती स्थळ पदरात घेऊनच. दोन दिवस तिनं आईला समजावलं. तिसऱ्या दिवशी आईनं, पोळ्या लाटतानाच, निकाल दिला.

"हे जातील तिकडे. मी आणि पोरगी इथेच राहू. तिचं कॉलेज होऊ द्या."

"आणि माझ्या भावाच्या जेवणाखाणाचं?" आत्यानं विचारलं.

"करून घेतील. नाही येत तर शिकतील. हिंदी शिकलेच की."

वडील बदलीच्या गावी गेले. मी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ बंदच केलं होतं. पाठाच्या दिवसापासून हो-नाही एवढंच. बसपर्यंत पोचवायला गेले, तेव्हाही त्यांची वळकटी हातात दिली आणि दुसरीकडे पाहत राहिले. मी कॉलेजात जाणार होते आणि तरी माझा राग जात नव्हता. साहेबापुढे एक 'हो' म्हटलं असतं तर घर दोन ठिकाणी झालं नसतं. ते माझ्यासाठी एवढंही करू शकले नाहीत, असं मला वाटे. तो सल मी जपून ठेवला होता.

दसऱ्याच्या सुटीत आईनं मला लाडूंचा डबा घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. बसनं दिवस गेला. वडील निम्मे झाले होते. गालफडं बसलेली, सदऱ्याची बाही चुलीवर जळलेली. भात करपवला होता आणि वर डाळीचं पाणी. मी ताटाकडे पाहिलं आणि मला रडू आवरेना. त्यांना वाटलं, प्रवासानं दमली. ते उत्साहात होते. त्या भागातल्या टेकड्यांच्या दगडात समुद्राचे शिंपले मिळतात, मुलं शाळेत येताना खिशातून आणतात. खिडकीत दहा-बारा मांडून ठेवले होते. एकेक माझ्या हातात देऊन ते सांगत होते की इथे कधीकाळी समुद्र होता.

जेवण झाल्यावर मी विचारलं. विचारायचंच असं बसमध्ये ठरवून आले होते.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मला ग़लत का म्हणालात?"

"कोणत्या दिवशी?" त्यांना आठवायला वेळ लागला. "अच्छा, ते होय! अगं, चूक होतं म्हणून."

"पण मी उत्तर दिलं होतं ना."

"फुलं बघून तुझा गोंधळ झाला. साहजिक आहे, माझाच झाला होता. वर्गात एखाद्याचं चुकलं तर तिथल्या तिथे सुधारायचं, नाही तर ते तसंच डोक्यात बसतं. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तरी मी हेच केलं असतं." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याचा तू राग धरलास की काय?"

दहा महिने मी समजत होते की त्यांनी माझ्यापेक्षा खरं बोलणं जवळचं केलं. त्यांच्यापुढे तसा प्रश्न कधी आलाच नव्हता. आपली मुलगी माहीत असून खोटं बोलली, त्यांची नोकरी आणि स्वतःचं कॉलेज वाचवायला बोलली, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. ते एका विद्यार्थिनीची चूक सुधारत होते. आता खरं सांगावं, तर झाबुआ सोसलेल्या माणसाला हे सोसलं नसतं.

"चुकलं माझं, बाबा," मी म्हणाले.

"असू दे गं, सगळ्यांचं चुकतं," ते म्हणाले. "परीक्षेत नीट लिही म्हणजे झालं." आणि त्यांनी माझं ताट उचललं आणि घासायला घेऊन गेले.